डाळ शिजली का?

उमरखेडच्या बाजारात परवा उकडलेल्या तुरीच्या शेंगा दिसल्या. टोपलीवर ओलं पोतं, पोत्याच्या कडेनं निघणारी वाफ, आणि त्या वाफेचा तो वास, धड हिरवाही नाही आणि धड शिजलेलाही नाही. या दिवसांत दरवर्षी शेंगांच्या टोपल्या अर्ध्या रस्त्यावर येतात. यंदा एकच बाई बसली होती, आणि तिच्या शेंगा हातात घेतल्या तर पोकळ.

"धुईनं खाल्लं वं बाई," ती म्हणाली. "फुलंच टिकली नाही."

फुलोऱ्याच्या वेळी आठ-दहा दिवस सलग धुकं पडलं की तूर फूल गाळते. आमच्याकडे हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मी शेंगा घेतल्या, स्टँडच्या बाकावर बसून सोलायला लागले, आणि दुसऱ्याच शेंगेला मला राग आला. मला राग लवकर येतो, ते माझं काम आहे म्हणा ना. पण हा राग ताजा नव्हता. तीन वर्षांपूर्वीच्या तुरीच्या हंगामातला होता आणि माझा माझ्यावरच होता.

मी पत्रकं लिहिते. कॉलेजात यवतमाळला होते तेव्हापासून लिहिते. वसतिगृहाच्या नळाला पाणी नाही, लिही पत्रक. तांड्याला बस थांबत नाही, लिही पत्रक. पत्रकाची एक रीत असते. पहिल्या ओळीत प्रश्न विचारायचा, शेवटच्या ओळीत मूठ आवळायची, आणि मधल्या सगळ्या मजकुरात आपण सोडून बाकीचे दोषी असतात. या रीतीनं बस थांबली, खोटं कशाला बोलू. म्हणून मला वाटलं, डाळही येईल.

डाळीचं सांगायचं तर आधी शेवंताबाईंचं सांगायला हवं. त्या आमच्याच तांड्यातल्या. दिवाळी झाली की आमचा अर्धा तांडा ऊस तोडायला जातो आणि पाडव्याच्या आसपास परततो. शेवंताबाई अंगणवाडीत मदतनीस होत्या. एका दिवाळीनंतर त्यांनी आपल्या टिनाच्या दोन खोल्यांत सात पोरं ठेवून घेतली. "आईबाप जाऊ दे ऊसाले, पोरं राहू दे शाळेत," एवढंच त्यांचं धोरण. सातांची अठरा झाली. संस्था नंतर झाली. नोंदणीचे कागद मी केले.

मी तिसरीत होते तेव्हा असं काही नव्हतं. याडी, म्हणजे माझी आई, मला बरोबर न्यायची. उसाच्या पाचटाची कोपी, दारात तीन दगडांची चूल, सकाळी दवानं ओलं झालेलं पांघरूण, आणि दिवसभर माझ्या कडेवर धाकटा भाऊ. जाताना मला सतरापर्यंत पाढे येत होते. परत आले तेव्हा बारावर अडकायला लागले. गुरुजी म्हणाले, "काय वं, पाढे ऊसात तोडून आली का?" वर्ग हसला. मीही हसले. अजून ते हसणं मला गिळता येत नाही.

तर अठरा पोरं, आणि त्यांची डाळ आसपासच्या चार गावांतून यायची. ज्यांच्या शेतात आमच्या बाया कापूस वेचतात, त्याच घरांतून. याचं शेवंताबाईंना काही वाटत नसे, मला वाटायचं. बाईंची पद्धतही मला पटत नव्हती. एका सकाळी एकच घर. जायचं, ओसरीवर बसायचं, त्या घरी शेंगा सोलायला घेतल्या असतील तर आपणही सोलू लागायचं, सुनेच्या बाळंतपणाचं ऐकायचं, आपल्या गुडघ्याचं सांगायचं. डाळीचा विषय निघाला तर निघाला, नाहीतर परत यायचं आणि चार दिवसांनी पुन्हा जायचं.

"बाई, असं तं होळी येईन," मी म्हणायचे.

"येऊ दे ना. होळी कोनाले चुकली?"

कॉलेज संपवून मी परत आले आणि हे सगळं माझ्या हातात घेतलं. म्हटलं, आपण भिक्षा मागत नाही, संस्था चालवतो. देणाऱ्यांची यादी केली. यादी करताना सात-बारावरची नावं घेतली, कारण ती सापडायला सोपी. छान जाड कागदावर आभारपत्र छापलं. डाळ ज्या पोत्यांतून आली ती पोती झटकली, घड्या घातल्या, प्रत्येक घडीत एक आभारपत्र खोचलं, आणि एका दिवसात, एका ऑटोतून, चारही गावांत पोचती केली. कुणाच्या ओसरीवर बसले नाही. संध्याकाळी बाईंना म्हटलं, "बघा. तुमचा महिना, माहा एक दिवस."

बाई म्हणाल्या, "जेव आता."

पुढच्या पौषात तुरी कापून झाल्या. शिवारात ढीग लागले, मळणीयंत्रं आली, तुरीच्या भुशाची, कुटाराची पिवळी धूळ रस्त्यावरच्या बाभळींवर बसली. घराघरात शेंगा उकडल्या जात होत्या. दरवर्षी या दिवसांत कुणीतरी निरोप पाठवायचं, 'पोतं घेऊन जा.' त्या साली कुणाचा निरोप नाही. मी गेले. पहिल्या घरी म्हणाले, "पाहू." दुसऱ्या घरी म्हणाले, "पाहू ना." आमच्याकडे 'नाही' म्हणत नाहीत. 'पाहू' म्हणतात आणि तुमच्या डोक्यावरून गोठ्याकडे बघतात.

वच्छलाकाकूंच्या घरीसुद्धा 'पाहू'. हे घर सगळ्यांत जुनं देणारं. बाईंनी सात पोरं ठेवली त्या सालापासून काकूंची डाळ येत होती. तूर भिजवून, वाळवून, घरच्या जात्यावर भरडलेली, चिमूटभरही धूळ नसलेली डाळ. काकू दारातच उभ्या राहिल्या. बस म्हणाल्या नाहीत.

शेवंताबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "संक्रांतीपातुर पुरते. मंग ऊसवाल्या मुकादमाले फोन लावा लागन. त्याची जीप येते इकडं, त्यात बसवून देऊ."

"कोनाले?"

"कोनाले म्हनजे? पोराईले. उपाशी ठेवता येते का?"

रोशनी नावाची चौथीतली पोरगी भिंतीला टेकून गृहपाठ करत होती. तिनं ऐकलं. थोड्या वेळानं माझ्याजवळ आली आणि अगदी साध्या आवाजात, वेळापत्रक विचारावं तसं, तिनं विचारलं, "ताई, तिकडं शाळा असते का?"

मी पत्रक लिहिलं. एका बैठकीत. 'चार गावांच्या तुरीला अठरा लेकरं जड झाली का?' ही पहिली ओळ. खाली काय काय होतं ते आता सांगत नाही. कापूस कोण वेचतं, डाळ कोण खातं, सगळं होतं. माझ्या हातून उतरलेलं ते सगळ्यांत धारदार पत्रक. ऐकवलं तर बाई पूर्ण ऐकून म्हणाल्या, "झ्याक लिवलं."

"उद्या छापतो."

"छाप. वाटशीन कोनाले?"

"चारी गावात."

"म्हनजे ज्यानं डाळ देल्ली नाही त्याले शिव्या वाटाच्या, अन् शिव्या वाचून तो डाळ देईन. असं का?"

मी पत्रकाची घडी घातली.

"एक सांग मंजू. मागच्या साली पोती नेऊन देल्ली तू. त्यात काय टाकलं होतं?"

"आभारपत्र."

"ते कागद झाला. पोत्यात काय होतं?"

"काही नाही. रिकामी होती. धुतल्यासारखी साफ करून नेलती."

बाईंनी सूप खाली ठेवलं. "रिकामी?" त्या म्हणाल्या. "चारी गावात? अवो माय! म्हनून."

मग कळलं. बाई कधी रिकामं पोतं परत नेत नव्हत्या. बुडाशी काहीतरी असायचं. मूठ-दोन मूठ बोरं, कधी चिंचा, कधी पोरांनी रानातून आणलेले आवळे. घेणारी बाई पोतं उलटं करायची, 'हे कायले आनलं वं' म्हणून लटकं रागवायची आणि बोरं पदरात घ्यायची. बाईंनी हे मला कधी सांगितलं नव्हतं, कारण दारात शिरताना चपला काढाव्यात हेही कुणी कुणाला सांगत नाही. रिकामं पोतं परत जातं ते सोयरीक तुटल्यावर. मी चार गावांशी सोयरीक तोडून आले होते, तीही जाड कागदावर छापून.

मला आधी चीड आली. असल्या रीतींसाठी पोरांची डाळ बंद करायची? मग आठवलं, याडी कोपीतून शेजारच्या कोपीत भाकर पाठवायची, तेव्हा त्यांचं ताट परत येताना त्यात मिठाचा खडा तरी असायचा. म्हणजे रीत मलाही माहीत होती. मी ती शेतकऱ्यांशी पाळायची नाही असं ठरवलं होतं, एवढंच. त्यांच्याकडून घ्यायचं, पण त्यांना आपल्याकडून काही घेऊ द्यायचं नाही. याला मी स्वाभिमान म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी पोरांनी बांधावरची बोरं गोळा केली आणि मी काकूंकडे गेले. काकू अंगणात तूर वाळत घालत होत्या. मी पिशवी पुढं केली. त्यांनी आत बघितलं.

"शेवंतीनं शिकोलं वाटते."

"हो," मी म्हटलं.

"एका सालानं सुचलं." त्यांनी पिशवी घेतली नाही. "तुह्या त्या कागदावर कोनाचं नाव होतं, मालूम आहे? श्रीयुत. माह्या पोराचं. डाळ मी भरडली. हाताले घट्टे पाहाचे का? जात्यावर मी बसली, अन् आभार त्याचे."

बायकांच्या नावावर जमीन करा म्हणून पत्रक लिहिणारी मी. माझ्याच यादीत एक बाई नव्हती.

"चुकलं, काकू."

"अन् एवढा मोठा कागद लिवला. योगदान का फोगदान. पन डाळ शिजली का नाही, हे लिवलं नाही त्यात. सालभर मी वाट पाहून राह्यली का कोनी सांगन. घरचं बियानं हाय माहं, सासूपासूनचं. शिजली का?"

आता इथं शहाणा माणूस 'छान शिजली हो' म्हणतो. मला ते जमत नाही. आणि रोज चुलीपुढं डोळे चोळणारी शेवंताबाई माझ्या डोळ्यांपुढं होती.

"नव्हती शिजत," मी म्हटलं. "दोन-दोन घंटे लागत. लाकडं जाळून जाळून बाई कदरली. पोरं कच्चीच खात."

म्हटलं आणि वाटलं, संपलं. उरलीसुरली डाळही मी माझ्या तोंडानं घालवली. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता. आली ती काळजी. आजाऱ्याची खबर ऐकल्यासारखी.

"दोन घंटे? माही डाळ? नाही होत बाप्पा असं." मग डोळे बारीक करून, "पानी कोनतं वापरता?"

"बोरचं."

"तो कंपनीवाल्याईचा बोर?"

"हो."

"अन् मले सांगते डाळ शिजत नाही! त्या खारट पान्यात हत्ती शिजीन का?"

त्या बोअरची गोष्ट अशी. त्याच्या दोन वर्षं आधी एका मोठ्या कंपनीची माणसं आली होती. हातपंप बसवला, पंपापेक्षा मोठी पाटी बसवली, पोरांना रांगेत उभं करून फोटो काढले. पाणी खारट निघालं. त्यांचा अहवाल भरायला मीच बसले होते. त्यात लाभार्थी किती, समाधानी किती, असे रकाने होते. पाण्याची चव कशी, असा रकाना नव्हता, आणि रकाना नसलेलं लिहायची माझी हिंमत झाली नाही. पुढच्या वर्षी काही मागायचं असलं तर? पत्रकात मी तहसीलदाराला सोडत नाही. देणगीदारापुढं मात्र माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. काकूंच्या अंगणात ती सुटली कशी, देव जाणे. कदाचित त्यांनी आधी भांडण काढलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू तांड्यात आल्या. मुलाच्या मोटरसायकलवर, मांडीवर त्यांच्या शेतातल्या विहिरीच्या पाण्याची कॅन घेऊन. इतकी वर्षं डाळ देत होत्या, पण तांड्यात त्यांनी पाऊल ठेवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पोरं घरांच्या कोपऱ्यांवरून बघायला लागली. शेवंताबाई पदर सावरत बाहेर आल्या.

"शेवंते, माही डाळ काढ. हाय का उरली?"

डबा उपडा करावा लागला. तीच शेवटची होती. काकूंनी स्वतः चूल पेटवली, विहिरीच्या पाण्याचं आधण ठेवलं, डाळ धुऊन टाकली, आणि पाटावर बसून राहिल्या. निकाल लागायचा असावा तसे आम्ही सगळे भोवती. बाई आणि काकू गुडघ्यांबद्दल बोलल्या. मग एका जावेबद्दल बोलल्या. भातावरचं झाकण वाजायच्या आतच डाळीचा वास बदलला. काकूंनी पळीनं दाणा काढला, बोटात चेपला. लोण्यासारखा पसरला. त्यांनी ते बोट माझ्या तोंडासमोर धरलं.

"पाह्य. कोनाले नावं ठेवत होती?"

"तुमच्या डाळीले नाही ठेवली काकू, पान्याले..."

"डाळीलेच ठेवली! साऱ्याईनं ऐकलं."

पोरं खो खो हसली. काकूही हसल्या. पहिली वाढणी त्यांनीच केली आणि रोशनीच्या ताटात वाढताना तिला म्हणाल्या, "मऊ हाय ना? सांग या बाईले."

त्याच आठवड्यात काकूंची दोन पोती आली. मग दुसऱ्या घराची, मग तिसऱ्या. काकूंनी कुणाला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. पाणी रोज त्यांच्या विहिरीवरून यायला लागलं. पुढच्या रविवारी रोशनीच्या आईचा उसाच्या फडावरून फोन आला. तिनं कुठून तरी ऐकलं होतं की पोरं जीपमधून यायची आहेत. "कधी येतं गं?" असं ती विचारत होती. आनंदानंच विचारत होती, पोरीला बघून दोन महिने झालेले. रोशनीनं फोन दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाली, "मी येत नाही याडी. पाढे चालू हायेत." आणि फोन माझ्या हातात देऊन बाहेर पळाली. रडायला पळाली की खेळायला, हे मी बघायला गेले नाही.

मध्ये यवतमाळला एका प्रशिक्षणात आम्हाला विचारलं, छोट्या संस्थांनी दात्यांशी दीर्घकाळ नातं कसं टिकवायचं? पडद्यावर पिरॅमिड होता, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे संदेश होते. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "भांडतो." सभागृह हसलं. मी गमतीनं म्हटलं नव्हतं. काकू महिन्यातून दोनदा फोन करतात. डाळ करपवली का, स्वयंपाकाची नवी बाई मीठ जास्त टाकते म्हणे, त्या लहान पोराचे कान दुखत होते ते राह्यले का. मी जे आहे ते सांगते. कंपनीलाही पुढं मी लिहिलं, की पाणी खारट आहे. त्यांचं उत्तर आलेलं नाही. पाटी अजून आहे.

आणि यंदा ही धुई. बाजारातल्या त्या पोकळ शेंगा बघून मला कळलं, काकूंचा महिनाभर फोन का आला नाही ते. डबे आमचेही तळाशी आलेत. यंदा पोरं एकवीस आहेत.

मी काकूंकडे गेले. सून दारात आली. "आत्या घरी नाहीत," म्हणाली. काकूंच्या चपला उंबऱ्यापाशीच होत्या. मी ओसरीवर बसले. बराच वेळ आत कुणी खोकलंसुद्धा नाही.

शेवटी मी मोठ्यानं म्हटलं, "काकू, मी काही मागाले नाही आली."

आतून आवाज आला, "मंग कायले आली?"

"तुमी बोलल्या नाही इतके दिवस. म्हटलं बिमार पडल्या का काय."

त्या बाहेर आल्या. बारीक झाल्या होत्या. सांगू लागल्या, तीन एकरांत मिळून घरापुरतीही झाली नाही. सांगताना माझ्याकडे बघत नव्हत्या. गोठ्याकडे बघत होत्या. मी 'असू द्या' म्हटलं नाही, कारण असू देण्यासारखं ते नव्हतं. चहा आला. चहा संपला.

"मंग पोराईचं काय?" त्यांनी विचारलं.

"मालूम नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

त्या बराच वेळ बशीवरून बोट फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "टेकडीपलीकडच्या गावात धुई कमी होती म्हनते. त्यांच्या तुरी बऱ्या हायेत. उद्या सकाळी ये."

"तुमी येता?"

"मंग काय तुले एकटीले पाठवू?" बशी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "आमच्या घरातून कोनी कोनाच्या दारी मागाले गेलं नाही आजलोक."

आज सकाळी मी पोचले तेव्हा काकू फाट्यावर माझ्या आधी उभ्या होत्या. ठेवणीतलं लुगडं, हातात पिशवी. त्या गावात त्यांच्या ओळखीचं एकही घर नाही, हे त्यांनी वाटेत सांगितलं. पहिल्या घराच्या फाटकापाशी आम्ही थांबलो. आत कुत्रं भुंकत होतं. काकूंचा श्वास चढला होता, आणि चालून चढल्यासारखा तो नव्हता. मी पुढं व्हायला लागले तर त्यांनी माझा दंड धरला.

"तू गप राय," त्या म्हणाल्या. "तुह्या तोंडाचा भरोसा नाही. मी बोलतो."

आणि त्यांनी कडी वाजवली.